पिरामिडाच्या पूर्वेस

अगं ये, जरा जवळ सरक. तू तिकडं जर्मनीत आणि मी इथं इस्लामपुरात, तरी जवळ सरक म्हणते, कारण मला तुला रागवायचंय आणि लांबून रागवायला मला जमत नाही. काल तुझा फोटो आला. शेजारच्या सुनेनं बोटांनी मोठा करून दाखवला. इटलीतला तो कललेला मनोरा, आणि तू हात लांब करून त्याला ढकलतेस. ढकल बाई, ढकल. आधीच बिचारा कललाय. तुझे दात दिसले, नवा गॉगल दिसला, मनोरा दिसला. पण त्या मनोऱ्याच्या शेजारी राहतं कोण? समोर चहाबिहा मिळतो का? सकाळी तिथं झाडलोट कोण करतं? यातलं काही बघितलंस का? नाही ना? मग एवढ्या लांब गेलीस कशाला?

हसू नकोस. हे प्रश्न माझे नाहीत. मी आपली ब्लाउज शिवणारी बाई, मला कुठले असले प्रश्न सुचायला! हे आमच्या घरमालकांचे प्रश्न. तू चार वर्षांची असताना त्यांनी तुला कडेवर घेऊन अंगणात चारी दिशांना तोंड करून फिरवलं होतं आणि तू भोकाड पसरलं होतंस. तुला आठवायचं नाही. म्हणून आज लिहून पाठवते. सवडीनं वाच, पण वाच.

घरमालक म्हणजे अण्णा. सगळ्या गल्लीचे ते अण्णा आणि त्यांची बायको सगळ्या गल्लीची वैनी. अण्णा नोकरीला जमीन मोजणीच्या ऑफिसात. मोजणीदार. सगळी हयात दुसऱ्यांच्या बांधावरनं चालण्यात गेली. आता जमिनीच्या कागदावर चतुःसीमा म्हणून एक गोष्ट लिहितात, तुला ठाऊक नसेल. म्हणजे जमीन कुठली, तर जिच्या पूर्वेस अमक्याचा ऊस, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याची विहीर. जमीन दिसते कशी, काळी की मुरमाड, ते त्यात नसतं. शेजारी कोण, एवढंच. अण्णांच्या डोक्यात हे इतकं भिनलं होतं की त्यांना सगळं जग तसंच दिसायचं.

मी खोली बघायला पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट. तुझे आजोबा जाऊन वर्ष झालेलं, तुझी आई शाळेत. शिलाई मशीन टेंपोत ठेवून मी दारात उभी. अण्णांनी कुलूप काढायच्या आधी मला घराभोवती फिरवलं.

"पूर्वेला पिठाची गिरण हाय, सकाळी आठ ते बारा आवाज. पश्चिमंला मास्तर ऱ्हात्यात, सज्जन हायत, फकस्त गातात. दक्षिणंला बोळ. उत्तरंला आमी."

मी म्हटलं, "आवं अण्णा, खोली दाखवा की."

"खोलीत काय बघायचंय ताई? चार भिंती. शेजार पटला का तेवढं सांगा."

पटला म्हटलं, मगच कुलूप निघालं. खोलीला खिडकी एकच होती आणि ती त्या मास्तरांच्या गाण्याकडं उघडायची, हे मला आत गेल्यावर कळलं. पण शेजार खरंच चांगला निघाला. मी तिथंच राहिले ती राहिलेच.

अण्णांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर कागद पुरायचा नाही. लग्नाच्या मांडवात शिरले की पूर्व कुठली ते कळेपर्यंत बसायचे नाहीत. नवरा-नवरी ताटकळलेली, भटजी मंत्र म्हणतायत, आणि हे खिशातलं होकायंत्र काढून उभे. न्हाव्याला सांगायचे, "मिशीची दक्षिण बाजू जरा जास्त झालीया." जेवायला बसले की, "ईशान्येला लोणचं वाढा." वैनी लोणचं बरोबर ताटाच्या मधोमध, भातावर टाकायच्या. "घ्या, शोधा आता दिशा," म्हणायच्या. पण ऐकून ऐकून त्यांची जीभही वळली होती. चष्मा सापडेना म्हणून अण्णा घरभर फिरायला लागले की चुलीपुढनं वैनी ओरडायच्या, "टीव्हीच्या आग्नेयला बघा!" आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायच्या.

रिटायर झाल्यावर अण्णांच्या मुलानं त्यांना कॅमेरा दिला. मुलगा फौजेत होता, कॅन्टीनमधनं घेऊन आला. "बाबा, लय चाललासा बांधावरनं. आता जग बघा," म्हणाला. अण्णांनी ते मनावर घेतलं. पहिली सहल आग्र्याची. रिटायर झालेल्या मंडळींचा एक ग्रुप होता, त्यांच्याबरोबर गेले. आठ दिवसांनी परत आले आणि स्टुडिओत फोटो धुवायला टाकले. अजून आम्ही धुवायलाच म्हणायचो. स्टुडिओवाला संध्याकाळी घरी आला, तोंड पाडून.

"अण्णा, कार्डात कायतरी गडबड झालीया. ताजमहालाचा फोटूच आला न्हाई. नुसतं भवतालचं आलंय."

"किती आल्यात?"

"चार."

"मग बरोबर हाय," अण्णा म्हणाले.

गल्ली गोळा झाली होती. चार फोटो पलंगावर मांडले. एकात यमुना नदी, वाळूत एक माणूस म्हशी धुतोय. एकात लाल दगडाची भिंत आणि तिच्याकडेला बसून डबा खाणारे दोन माळी. एकात बाग, आणि बागेतनं येणारी माणसं. चौथ्यात झाडं, आणि झाडाखाली चपलांचा ढीग सांभाळत बसलेला म्हातारा. ताजमहालाचा एक दगड नाही. अण्णा त्या संगमरवराला पाठ लावून उभे राहिले होते आणि चारी बाजूंना बाहेरचा फोटो काढत गेले होते.

मास्तर म्हणाले, "अण्णा, ताजमहाल कुठाय?"

"ह्या चौघांच्या मधी."

"पण दिसत न्हाई की."

"तुमच्या घरातल्या क्यालेंडरवर दिसतोय न्हवं? बिस्किटाच्या डब्यावर दिसतोय. आणिक कशाला पायजे? ह्यो म्हशी धुणारा कुठल्या डब्यावर हाय दाखवा मला."

लोक हसत हसत गेले. दुसऱ्या दिवसापासनं गल्लीत म्हणायला लागले, अण्णा ताजमहालाला पाठ दाखवून आले.

पण मी तुला एक सांगते, मला ते फोटो आवडले. का, ते ऐक. गल्ली गेल्यावर अण्णांनी मला अंगणात पाटावर बसवलं. होकायंत्र काढलं, उत्तरेला यमुनेचा फोटो विटेला टेकवून ठेवला, दक्षिणेला बाग, उरलेले दोन पूर्वेला आणि पश्चिमेला. म्हणाले, "आता फिरून बघा ताई. तुमी ताजमहाल हाय." मी आपली पाटावर बसल्या बसल्या फिरले. आणि खरंच गं, म्हशीवाला माझ्याकडं बघत होता. बागेतनं येणारी माणसं मान वर करून माझ्याकडं बघत येत होती, एक लहान पोरगी तर बोट दाखवत होती. मिरज-कोल्हापूरच्या पलीकडं न गेलेली मी, अंगणात बसून अंगावर काटा आला माझ्या.

मग ते सुरूच झालं. नेपाळात गेले. पहाटे सगळे गच्चीवर जाऊन बर्फाच्या शिखरावर ऊन पडताना बघत होते, तर ह्यांनी शिखराकडं पाठ केली. फोटोत सगळी गच्ची, घोंगड्या गुंडाळलेली माणसं, तोंडं उघडी, चेहरे सोन्यासारखे पिवळे. आणि मागं एक स्वयंपाकी ढुंकूनही न बघता बटाटे सोलतोय. चीनची भिंत बघून आले तेव्हा दोनच फोटो. "भिंतीला दोनच शेजारी असत्यात ताई, अल्याडचा आणि पल्याडचा." नायगाऱ्याचे फोटो पाण्यानं सगळे धूसर, आणि अण्णा चिडलेले. का, तर धबधब्याच्या मधी उभं राहू देत नाहीत. "चतुःसीमा अर्धवट ऱ्हायली" असं आठवडाभर कुरकुरत होते, जणू काय तो धबधबा यांना सातबाऱ्यावर चढवायचा होता. फोटो वहीत चिकटवून प्रत्येकाखाली बारीक सुबक अक्षरात लिहायचे. पूर्वेस: तिकिटाची खिडकी. दक्षिणेस: झोपलेले कुत्रे. ऑफिसात लिहिलं असतं अगदी तसं.

आता वैनींचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

वैनींची थोरली बहीण तासगावला दिली होती. मोठं खटलं, द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, दारात दोन ट्रॅक्टर. थोरली एका वर्षी लेकाबरोबर युरोपला जाऊन आली. आली ती फोटो घेऊन. पॅरिसचा लोखंडी मनोरा मागं, पुढं थोरली. अंगात स्वेटर, पायात बूट, नाकात नथ, ओठ घट्ट मिटून हसू. तो फोटो एवढा मोठा करून दिवाणखान्यात लावला होता की आत शिरताना आधी थोरलीला नमस्कार करावा का फोटोला ते कळेना. वैनी तासगावास्नं आल्या की दोन दिवस भांडी आदळायच्या.

एक दिवस माझ्या मशीनशेजारी येऊन बसल्या. "ताई, सांगा ह्यांना. आता मला बी घिऊन जायचं. कुठं बी न्या. पर माझा एक फोटू पायजे. फुडं मी, मागं त्ये काय आसंल त्ये."

अण्णा दारात उभे होतेच. "पाठ करून उभं राहायचं? मग तुला दिसणार काय?"

"मला दिसायचं न्हाई. थोरलीला दिसायचं हाय."

अण्णांनी होकायंत्र काढलं, बघितलं, परत खिशात घातलं. मग म्हणाले, "इजिप्तला जाऊ. पिरामिड. फुडं तू, मागं पिरामिड. एक फोटो काढतो."

"ताईंच्या म्होरं शब्द द्या."

"दिला."

मी साक्षीदार. नुसती साक्षीदार नाही. त्या फोटोसाठी वांगी रंगाचा ब्लाउज मी शिवला, बाह्यांना जरीचा काठ लावला, आतल्या बाजूला पासपोर्ट मावेल एवढा खिसा दिला. वैनींनी गिरणीवाल्यांचा आरसा मागून आणला आणि आठ दिवस त्यात बघून हसायची प्रॅक्टिस केली. ओठ मिटून की दात दाखवून, यावर आमच्या दोघींच्या बैठका झाल्या. दात दाखवून ठरलं, कारण थोरलीचे दात पुढं होते.

गेले. दहा दिवसांनी आले. रिक्षातनं वैनी आधी उतरल्या आणि सरळ माझ्या खोलीत आल्या. अण्णा मागं सामान घेऊन. वैनींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिसताच तो घेतला, घटाघटा प्याल्या आणि म्हणाल्या, "काढला न्हाई."

"काय काढलं न्हाई?"

"फोटू. माझा. काढला न्हाई ह्या माणसानं."

झालं असं होतं. पिरामिडापाशी उतरल्यावर अण्णांनी सवयीनं होकायंत्र काढलं. आणि बघतात तर त्या पिरामिडाच्या चारी बाजू बरोब्बर चार दिशांना. केसाएवढाही तिरकेपणा नाही. चाळीस वर्षं लोकांच्या वाकड्या बांधांवर डोकं फोडून घेतलेला माणूस तो. हजारो वर्षांपूर्वी कुणी मोजणीदारानं असा डोंगराएवढा दगडांचा ढीग दिशेला इतका नेमका बसवला, हे बघून अण्णांच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. दगडाला हात लावून उभेच राहिले. मग पळत सुटले. गुडघे धरून एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी, चौथी. एवढा मोठा तो पिरामिड, चारी बाजू फिरून होईपर्यंत गाइडची शिट्टी झाली, बस निघाली. चार फोटो झाले. वैनींचा राहिला.

"बशीत बसल्यावर म्हनत्यात, अरे, तुझा ऱ्हायला की!" वैनींचा आवाज चिरकला. "असं म्हनले. जनू काय कोथिंबीर इसरली बाजारात."

मग वैनींनी अण्णांशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे साफ टाकलं. सगळा कारभार माझ्यामार्फत. "ताई, ह्यांस्नी सांगा, च्या झालाय." मी मशीनवरनंच ओरडायचे, "अण्णा, चहा झालाय." अण्णा तीन हातांवर बसलेले असायचे. "सांगा तिला, आलो." माझी शिलाई राहिली बाजूला, मी टेलिफोन एक्स्चेंज झाले.

अण्णांनी प्रायश्चित्त करायचा प्रयत्न केला. स्टुडिओवाल्याला म्हणाले, हिचा एक फोटो काढ आणि मागं पिरामिड चिकटव, कॉम्प्युटरवर होतं म्हणे. वैनींनी मला निरोप दिला, "खोटा नको म्हनावं. थोरली वासावरनं वळखंल." परत जाऊ म्हणाले. त्यावर निरोप आला, "गुडघं संपलं."

आणि त्यातच तासगावचं बोलावणं आलं. थोरलीच्या नातवाचं बारसं. जायचं तर फोटो पाहिजे. सगळ्या भावकीला ठाऊक होतं वैनी इजिप्तला जाऊन आल्यात. वैनी म्हणाल्या, मी जात न्हाई, ताप आलाय सांगा.

त्या दिवशी अण्णा माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. कधी बसायचे नाहीत. म्हणाले, "ताई, मी हीच चूक दुसऱ्यांदा केली."

मग त्यांनी साताऱ्याकडच्या मेढ्याची गोष्ट सांगितली. नोकरीला नुकते लागले होते. डोंगरातली जमीन, चढून चढून दमलेले. तीन बाजू फिरले आणि चौथीला फणसाखाली बसले. लोकांना विचारलं, दक्षिणेला काय? ओढा, म्हणाले. अण्णांनी लिहून टाकलं, दक्षिणेस ओढा. पण ओढ्याच्या अलीकडं एका म्हातारीची नाचणीची पट्टी होती. पलंगाएवढी म्हण. अण्णांच्या लेखणीनं ती कागदावरनं पुसली गेली. म्हातारी मेढ्याच्या ऑफिसात पायी यायची, भिंतीला टेकून बसायची. अण्णांना कळलं तेव्हा ते स्वतः गेले, परत मोजणी केली, सगळं नीट करून दिलं, त्याला दीड वर्ष लागलं. म्हातारीनं शिवी दिली नाही. नाचणीची भाकरी दिली खायला आणि म्हणाली, "सायेब, मी तितंच हुते. तुमी वळून बघितलं न्हाईसा."

"तवापास्नं वळून बघतो ताई," अण्णा म्हणाले. "सगळी दुनिया जिकडं बघतीया तिकडं पाठ करून बघतो, कोण ऱ्हायलंय का. आणि घरचंच माणूस ऱ्हायलं."

मी म्हटलं, "आणा बघू ते चार फोटो."

त्यांनी वही आणली. रागाच्या भरात ते फोटो वैनींनी बघितले नव्हते आणि वैनींना वाईट वाटू नये म्हणून मीही नाही. उत्तरेस: रस्ता व मोटारी. पश्चिमेस: वाळू. दक्षिणेस: दुसरा पिरामिड, लहान. आणि पूर्वेस.

पूर्वेला लांब गावातली घरं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, एक उंट बसलेला. आणि फोटोच्या अगदी मधोमध वैनी. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. एका हातात एक बूट, वाळू झाडायला काढला असणार. मान मागं टाकलेली, तोंड उघडं, डोळे एवढे मोठे. त्या वर बघत होत्या. कॅमेरा आहे, नवरा आहे, काही भान नाही. साठीची बाई नव्हतीच ती. पहिल्यांदा जत्रेत आलेली पोर होती.

मी अण्णांचे सगळे फोटो बघितले होते. त्यांच्या फोटोत मधोमध कधी कुणी नसायचं. मधोमध वाट असायची, नाहीतर भिंतीची कड. मी म्हटलं, "अण्णा, हा फोटो तुमी वैनींचा काढलाय."

"न्हाई ओ. पूर्वेला जे हुतं ते काढलं."

"पूर्वेला वैनी हुत्या."

"मग?" असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मी फोटोखालचं अक्षर वाचलं. घरं नाहीत, उंट नाही. लिहिलं होतं, पूर्वेस: ही.

मी तो फोटो स्टुडिओत नेऊन वहीएवढा मोठा करून आणला आणि पिशवीत घातला. वैनींना म्हटलं, बारशाला तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते, कुंचीला टाके मी घातलेत, मला बघायचंय बाळाच्या डोक्याला बसते का. तेव्हा कुठं निघाल्या. एसटीत तासगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

बारसं झालं, जेवणं झाली. दुपारी शेडमध्ये बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या, आम्ही दोघी तिथंच टेकलो. थोरली आत पाहुण्यांत. एकीनं विचारलंच, "मावशी, तुमी म्हनं इजिप्तला गेलतासा? फोटू न्हाई आनला?" वैनींचं तोंड उतरलं. मी पिशवीतनं फोटो काढून पुढं केला. वैनींनी मला अशी चिमटी काढली की दंडावर आठवडाभर निळं होतं.

"आगं बया!" ती बाई म्हणाली. "मावशी, काय बघताय हो एवढं?"

दुसरी डोकावली. "बूट का हातात?"

तिसरी म्हणाली, "काय हाय तितं वर? सांगा की!"

वैनी आधी रागानंच बोलल्या. "काय न्हाई, पिरामिड." मग म्हणाल्या, "म्हंजे असा, ह्या शेडवर शेड, त्यावर शेड..." मग बूट का काढला ते सांगितलं. मग एकेक दगड आपल्या म्हशीएवढा, आन ते चढवले कुणी, कसे. मग उंटवाल्यानं त्यांना राणी म्हटलं ते. बायकांचे हात थांबले. बेदाण्याची ताटं मांडीवर तशीच. वैनी उठून उभ्या राहिल्या, मान मागं टाकून दाखवायला लागल्या, पदर खाली आला, तोंड उघडं. अगदी फोटोतल्यासारख्या. एक तास गेला असेल. थोरली कधी येऊन पोत्यावर बसली ते कुणाला कळलं नाही.

"आन मंग?" थोरली म्हणाली.

वैनींनी सगळं परत पहिल्यापासनं सांगितलं.

संपल्यावर थोरलीनं फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला. दिवाणखान्यातल्या तिच्या फोटोबद्दल आज कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच, मनोरा सगळ्यांना माहीत. हळू आवाजात म्हणाली, "धाकले, माजा फोटू काढताना लेक म्हनला हास, म्हनून हासले. फोटू झाला आन बशीत बसवलं. मनोरा मी बघितलाच न्हाई गं नीट. पाठ हुती माजी."

वैनी थोरलीच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि तिच्या ओटीत दोन मुठी बेदाणा टाकला. तो बेदाणा थोरलीचाच होता, पण टाकला.

आम्ही घरी आलो तर अण्णा फाटकात उभे. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तिला सांगा, च्या मी केलाय."

मी तोंड उघडायच्या आत वैनी म्हणाल्या, "ऐकू आलं मला." दोन महिन्यांत पहिला शब्द तो. पिशवीतनं फोटो काढून अण्णांच्या हातात दिला. "ह्येला फ्रेम करा."

"कुठल्या भिंतीवर?"

"आता हे बी मीच सांगू?" वैनी म्हणाल्या. "पूर्वंच्या."

त्यानंतर त्या दोघांनी पुष्कळ जग बघितलं. वैनींनी पुन्हा कधी पुढं मी, मागं ते, असा फोटो मागितला नाही. अण्णा फिरत जायचे आणि वैनी कुठल्यातरी एका दिशेला तोंड उघडं टाकून उभ्या असायच्या, अण्णा ती दिशा शेवटाला घ्यायचे.

गेल्या वर्षी मुलगा फौजेतनं रिटायर झाला, साताऱ्यात घर बांधलं, दोघांना तिकडं घेऊन गेला. गच्चीतनं अजिंक्यतारा समोर दिसतो. वैनींचा परवा फोन आला, "ताई, एवढा किल्ला दारात, आन हे खुर्ची उलटी टाकून बसत्यात. रस्त्यावरनं कोन गेलं, कोन आलं सांगत्यात मला. मी किल्ला बघती आन ह्यांस्नी सांगती." मजेत आहेत दोघं. वह्या सगळ्या माझ्याकडं ठेवून गेलेत, पिरामिडाची तेवढी नेली.

म्हणून म्हणते, पुढच्या वेळी मनोऱ्यापाशी गेलीस की त्याला ढकलू नकोस, पाठ लाव आणि बाहेर बघ, आणि चार फोटो पाठव. मी अंगणात पाटावर बसून फिरून फिरून बघीन. मीही तुला आज चार पाठवतेय, शेजारच्या सुनेनं शिकवलं काढायला. माझ्या मशीनपाशी उभं राहून काढलेत. पूर्वेस गिरण, आता तिथं झेरॉक्सचं दुकान झालंय. पश्चिमेस मास्तर, अजून गातात. दक्षिणेस बोळ, त्यात तू सायकल शिकताना पडली होतीस. उत्तरेस अण्णांचं घर, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडं.

मधलं काही त्यात दिसायचं नाही. मधी मशीन आहे, तुझ्यासाठी बेतून ठेवलेला वांगी रंगाचा ब्लाउज आहे, आणि मी आहे. माप तीन वर्षांपूर्वीचं आहे तुझं, त्यामुळं नुसता बेतलाय, शिवलेला नाही. दिवाळीच्या आत ये. माप देऊन जा.